एकच बनलेल्या गाडीची हातघडणीची प्रतिकृती: होळकरांची ड्यूझेनबर्ग १:१८ मध्ये कशी करावी?

जेकार्ड_सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत यंत्रमाग आणि जेकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) दुरुस्तीत तीस वर्षे काढल्यावर गेली सहा वर्षे मी मोटारींच्या प्रतिकृती हाताने घडवतो आहे. दुकानात मिळणाऱ्या डाय-कास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) गाड्यांविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु ज्या गाड्या मुळातच चार-दोन किंवा एकच बनल्या, त्यांच्या प्रतिकृती क्वचितच निघतात आणि निघाल्या तरी त्यांची किंमत माझ्यासारख्याला परवडत नाही, म्हणून त्या आपणच कराव्यात असे मनाने घेतले आहे.

या वेळी ठरवलेली गाडी आहे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३०च्या दशकाच्या मध्यात बनलेली ड्यूझेनबर्ग एसजे स्पीडस्टर. चॅसी (चाकांवरचा मूळ सांगाडा) आणि इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डरची, म्हणजे चॅसीवर हाताने बॉडी घडवून देणाऱ्याची. सरळ रांगेतील आठ सिलिंडरचे, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) लावलेले ६.९ लिटरचे हे इंजिन ३२० अश्वशक्तीचे असल्याचे कंपनी सांगत असे. एवढे इंजिन आणि एवढी लांब गाडी, पण बसायला जागा फक्त दोघांना. एकार्ट मुथेझिउस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग महाल बांधून घेणाऱ्या राजाची दृष्टी या गाडीच्या शेपटीकडे उतरत जाणाऱ्या रेषेतही दिसते, असे मला मनापासून वाटते. आमच्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. त्याच घराण्यातील ही गाडी सोलापुरात कोणी घडवावी, ही इच्छा बरीच जुनी आहे.

आता अडचण सांगतो. याआधी मी बुगाटी टाइप ५७ एससी अटलांटिक १:२४ मध्ये, म्हणजे मूळ मापाच्या चोविसाव्या हिश्शात, केली होती. शिवणीच्या लाकडाचा घाट कोरला, त्यावर काचकापड आणि इपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारी राळ) चढवून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची बॉडी काढली, आणि छतावरून मागे जाणाऱ्या उभ्या जोडावरचे रिव्हेट एकेक करून बसवले. मार्चपर्यंत सगळे व्यवस्थित होते. माझी कामाची खोली पत्र्याच्या छपराची आहे. मे महिन्यात दहा दिवस बाहेरगावी जाऊन आलो तेव्हा छत मधोमध खचलेले होते आणि दोन्ही दरवाजे चौकटीत बसेनात. अकरा महिन्यांचे काम होते.

म्हणून जाणकारांना विचारतो. कारखान्याचा आराखडा हाताशी नसताना केवळ छायाचित्रांवरून मापे कशी काढावीत? बॉडी पुन्हा इपॉक्सीत करावी की पत्र्यात? तारांची चाके, रेडिएटरची जाळी आणि हूडच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) बाजूने बाहेर येणारे लवचिक एक्झॉस्ट पाइप या तीन गोष्टी १:१८ मध्ये खऱ्या दिसतील अशा कशा कराव्यात? आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात रंग कधी मारावा?

---

मोजपट्टी (पुणे)

आपली अटलांटिक गेली याचे फार वाईट वाटले. मापांविषयी मला थोडे सांगता येईल. बाकीचे इतर लोक सांगतीलच.

हत्यार हातात घेण्याआधी एक निर्णय करा: आपण ही गाडी कोणत्या काळातली करणार? शेकडो बनलेल्या गाडीची प्रतिकृती त्या जातीची असते, तर एकच बनलेल्या गाडीची प्रतिकृती त्या एका गाडीची आणि तिच्या आयुष्यातल्या एका काळाची असते. कोचबिल्डरकडून निघाली त्या वेळचे दिवे, टायर, आरसे आणि पुढे मालक बदलल्यावर किंवा जीर्णोद्धार झाल्यावर आलेले दिवे, टायर, आरसे हे एकाच प्रतिकृतीत मिसळले, तर रस्त्यावर कधीच न धावलेली गाडी तयार होते. आपल्या अटलांटिकचेच पाहा. चार बनल्या, तीन शिल्लक आहेत, आणि तिन्हींचे बारकावे वेगवेगळे आहेत. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६ बनल्या. त्यांचे पत्रे हाताने ठोकलेले असल्यामुळे एकाच गाडीची डावी आणि उजवी बाजूसुद्धा तंतोतंत जुळत नाही. म्हणून एका बाजूचा साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरण्याचा मोह टाळावा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे स्वतंत्रपणे मोजावीत.

आता मोजणी. ड्यूझेनबर्गच्या जे मालिकेत (एसजे ही तिच्यातलीच) चॅसी मुख्यतः दोन लांबींच्या होत्या: चाकांच्या आसांमधले अंतर एकीत १४२.५ इंच, दुसरीत १५३.५ इंच. १:१८ मध्ये ते अनुक्रमे २०१ आणि २१६.६ मिलिमीटर होते, म्हणजे फरक साडेपंधरा मिलिमीटरचा. आपली गाडी कोणत्या चॅसीवरची आहे हे कोणी लिहिले आहे म्हणून धरून चालू नका, छायाचित्रावर ताडून पाहा. अगदी बाजूने घेतलेले छायाचित्र निवडा, ज्यात पुढचे आणि मागचे चाक दोन्ही गोल दिसतात आणि दोघांची उंची सारखी भरते. चाक लंबगोल दिसत असेल, तर छायाचित्र तिरके आहे. त्यावरून उंची घेता येते, लांबी घेता येत नाही. कॅमेरा गाडीच्या जवळ असेल, तर जवळचा भाग फुगून दिसतो, त्यामुळे दुरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेले छायाचित्र मिळाले तर सोन्याहून पिवळे.

त्या छायाचित्रात चाकाच्या रिमची कड मोजा. टायर मोजू नका, कारण टायर जमिनीपाशी दबलेला असतो आणि पुढे बदललेलाही असू शकतो. मात्र इथे एक खाचखळगा आहे. रिम १९ इंची आहे की १७ इंची, हे टायरच्या कडेवर उमटलेल्या आकड्यावरून आधी नक्की करावे लागते. त्यात चूक झाली, तर ती दोन चॅसींच्या फरकापेक्षा मोठी ठरते आणि पुढचे प्रत्येक माप बिघडते. शिवाय दिसणारी कड ही सांगितलेल्या व्यासापेक्षा इंचभराहून थोडी मोठी असते, तेही हिशेबात धरा.

चाकांमधले अंतर पक्के झाले की ते छायाचित्र बरोबर १:१८ मध्ये कागदावर छापून घ्या आणि दर दहा मिलिमीटरवर उभी रेघ मारून प्रत्येक ठिकाणचा आडवा छेद पुठ्ठ्यात कापा. छेद ठरवताना समोरचे, मागचे आणि पाऊण कोनातले छायाचित्र एकमेकांशी पडताळावे लागते. माझ्या एका गाडीला बावीस पुठ्ठे लागले आणि त्यांतले नऊ मी पुन्हा कापले. या कामात चार महिने गेले तरी जाऊ द्या, कारण घाट चुकला तर वरचे कितीही उत्तम काम तो झाकू शकत नाही.

रंगाबद्दल एकच सूचना करतो. जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरून रंगाचा अंदाज बांधू नका. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा आणि नारिंगी रंग जवळजवळ काळा उमटतो, आणि निळा उजळ दिसतो.

शक्य असेल तर अहमदाबादजवळच्या ऑटो वर्ल्ड संग्रहालयात दोन दिवस काढा. आपली गाडी तिथे आहे म्हणून नव्हे. प्राणलाल भोगीलाल यांच्या त्या संग्रहात कोचबिल्डरांनी घडवलेल्या इतक्या गाड्या आहेत, की दरवाज्याची फट प्रत्यक्षात किती असते, चामड्याची शिवण कुठून वळते, हे डोळ्यांत पक्के बसते. खऱ्या गाडीतली चार मिलिमीटरची फट १:१८ मध्ये ०.२२ मिलिमीटर होते. बहुतेक प्रतिकृती इथेच खेळण्यासारख्या दिसू लागतात.

---

ताव_आणि_डाग (सोलापूर)

काका, मी आपल्याच गावचा, धंद्याने सोनार. गाड्या मी केलेल्या नाहीत, पण आपण विचारलेल्या निम्म्या गोष्टी आमच्या रोजच्या कामातल्या आहेत, म्हणून लिहितो.

बॉडी तांब्याच्या पत्र्यात करा. ०.४ मिलिमीटरचा पत्रा पुरेल. शिवणीचा घाट आपल्याला कोरता येतोच. त्यावर हूड, मधला भाग, शेपूट आणि चारही मडगार्ड असे वेगवेगळे तुकडे लाकडी मोगरीने हळूहळू बसवत जा. तांबे ठोकून ठोकून कडक होते आणि मग कडेला चिरते, म्हणून हाताला ते ‘बोलू’ लागले की ताव द्या: मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद पाण्यात विझवले की कडक होते. तांबे मात्र मऊच राहते, त्यामुळे घाबरू नका. वर आलेली काळी साय चिंचेच्या पाण्यात उकळून काढा. खोल वळणाच्या मडगार्डला पाच-सहा वेळा ताव द्यावा लागेल. घाई करून दोन तावांत वळण आणायला गेलात, तर पत्रा एका ठिकाणी पातळ होईल आणि तो पातळपणा रंगाखालीही लाटेसारखा दिसेल.

०.४ मिलिमीटरची कड १:१८ च्या हिशेबाने सात मिलिमीटर जाड दिसते, आणि खऱ्या पत्र्याची कड इतकी जाड नसते. म्हणून जिथे कड उघडी दिसते, म्हणजे मडगार्डची खालची बाजू आणि दरवाज्याचा काठ, तिथे आतून कानस मारून ती धारेसारखी पातळ करा. बाहेरून मुळीच मारू नका.

जोडकामात क्रम महत्त्वाचा आहे. जास्त उष्णतेवर वितळणारा चांदीचा डाग (धातू वितळवून केलेला जोड) आधी द्या आणि कथलाचा सर्वांत शेवटी, नाहीतर नवा जोड बसवताना जुना सुटतो. शेजारच्या झालेल्या जोडावर ओले फडके ठेवा.

एक्झॉस्ट पाइपांसाठी तर आपल्या सोलापूरकरांना बाहेर शोधायलाच नको. जर कशी बनते ते आठवा: धातूची तार चपटी करून बादला करतात आणि तो धाग्याभोवती लागोपाठ गुंडाळतात. तसेच करा. बारीक तार जंत्रीतून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढून ०.२५ मिलिमीटरवर आणा, रोलरमधून काढून चपटी करा, आणि ताव दिलेल्या तांब्याच्या नळीभोवती वळ्याला वळे लावून गुंडाळा. दोन्ही टोकांना कथलाचा बारीकसा डाग द्या, मधे कुठेही देऊ नका. वाकवायचे ते गुंडाळून झाल्यावरच, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूने वळी किंचित उघडतील आणि आतल्या बाजूने दाटतील. खऱ्या लवचिक पाइपात हेच दिसते, आणि नळीवर नुसत्या खाचा मारून ते कधीच येत नाही.

आरे लावायला जर्मन सिल्व्हरची ०.२५ मिलिमीटरची तार घ्या. ती सरळ राहते आणि काळी पडायला वेळ घेते. रिम आणि तुंबा (चाकाचा मधला भाग) पितळेत लेथवर काढा. भोके पाडायला ॲल्युमिनियमच्या जाड चकतीचा एक ठोकळा करून त्यात रिम आणि तुंबा बरोबर मध्यावर अडकवा, म्हणजे चारही चाके सारखी येतील. आऱ्यांची संख्या छायाचित्रात मोजून तितकीच ठेवा. कमी आरे घातले की चाक रिकामे दिसते. आपण आयुष्यभर मागाच्या वहीत (उभे धागे उचलणाऱ्या चौकटीत) धागे भरले आहेत, त्यामुळे आरे कोणत्या क्रमाने एकमेकांवरून न्यायचे हे मी आपल्याला शिकवावे असे नाही. लागल्यास जंत्री आणि रोलर माझ्याकडे येऊन वापरा.

---

फणीघर (सोलापूर, पूर्व भाग)

नमस्कार. आमच्या घरी मागाच्या फण्या (उभे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या पात्यांच्या चौकटी) भरण्याचा धंदा आहे. रेडिएटरच्या उभ्या पट्ट्यांसाठी जुन्या फणीतील पाती वापरावीत असे मी सुचवेन. ती चपटी, दोन्ही कडांनी घासून गुळगुळीत केलेली पोलादी पट्टी असते, कारण कड जरा जरी खरखरीत असली तर ताणा (उभा धागा) तुटतो. इतकी स्वच्छ कड हाताने कापलेल्या पत्र्याला येत नाही. अंतरही फणीच्या नंबरवरून आपोआप मिळते. ४० नंबरच्या फणीत दोन इंचांत ४० घरे असतात, म्हणजे दोन पात्यांच्या मध्यांतले अंतर १.२७ मिलिमीटर, आणि १:१८ च्या हिशेबाने खऱ्या गाडीवर जवळजवळ २३ मिलिमीटर. ८० नंबर घेतला तर साडेअकरा. छायाचित्रात पट्ट्या मोजून रेडिएटरच्या रुंदीला भागा आणि जवळचा नंबर कळवा. मोडीत काढलेल्या फण्या आमच्याकडे गठ्ठ्यांनी पडून आहेत. फणीचा चौकटीसकट हवा तेवढा तुकडा कापून देता येईल, म्हणजे पाती एकेक करून लावावी लागणार नाहीत.

---

ऊन_नागपूर

उन्हाचा विषय आला म्हणून लिहितो, कारण आमच्याकडेही सोलापूरसारखाच मे महिना असतो.

आपली बॉडी का खचली ते समजून घेणे जरुरीचे आहे, म्हणजे पुढे जिथे इपॉक्सी वापरावेच लागेल तिथे तसे होणार नाही. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे सर्वसाधारण इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या छपराखालची बंद खोली आणि तिच्यातले वरचे फळकूट त्या पातळीच्या जवळ सहज जाते, आणि आपली बॉडी घाटावरून काढून चार टोकांवर ठेवलेली असणार. अशा वेळी ती स्वतःच्याच वजनाने हळूहळू बसते. उपाय असा, की बॉडी घाटावरून काढण्याआधी घाटासकट ती टप्प्याटप्प्याने ६० अंशांपर्यंत तापवून काही तास तशीच ठेवावी आणि तशीच सावकाश निवू द्यावी. त्यानंतर तिची उष्णता सोसण्याची ताकद वाढते. तांब्याला ही भीती नाही, म्हणून वरच्या सल्ल्याशी मी सहमत आहे.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे: एप्रिल-मे मध्ये रंग मारूच नये. कोरड्या उन्हात ड्यूकोतला (फवारून मारायच्या गाडीच्या रंगातला) थिनर वाटेतच उडून जातो, थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत सुकतो आणि पृष्ठभाग बारीक रवा सांडल्यासारखा होतो. जोराच्या पावसात उलट होते. हवेतली वाफ रंगात अडकून तो पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. तरीही उन्हाळ्यात मारायचाच असेल, तर सकाळी सहाच्या आत, सावकाश उडणारा थिनर घेऊन. तांब्यावर आधी धातूला धरणारा वॉश प्रायमर हवा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लांबी (खाचा भरायची पुट्टी) शक्यतो वापरू नका. पाणी पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश कागद) ६०० पासून १५०० नंबरपर्यंत. सगळे थर मिळून जाडी ०.१ मिलिमीटरच्या आत राहावी, कारण दरवाज्याची ०.२२ ची फट दोन्ही कडांवरच्या रंगाने बुजून जाते. रंगाच्या आधी फट मुद्दाम थोडी मोठी ठेवावी लागते, हे मी तीन गाड्या बिघडवल्यावर शिकलो.

---

थर_दर_थर (छत्रपती संभाजीनगर)

वरील सर्वांच्या कौशल्याचा पूर्ण आदर ठेवून विचारतो: घाट संगणकावर काढून रेझिन प्रिंटरवर (थरावर थर देऊन वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर) छापून घेतला, तर चार महिन्यांचे पुठ्ठे वाचणार नाहीत का? डॅशबोर्डवरच्या घड्याळांच्या कडा, चाकाच्या मधल्या टोपीवरचे नक्षीकाम अशा बारीक गोष्टी तरी छापाव्यात असे माझे मत आहे. प्रिंटरच्या थरांची रेघ पाणी पेपरने जाते.

---

जेकार्ड_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

प्रिंटरबद्दल आधी लिहितो. घड्याळांच्या कडा छापून घेण्याचा सल्ला मी मानतो आहे, कारण त्या मापाला माझे डोळे आता पुरत नाहीत. घाट मात्र हातानेच कोरणार. संगणकावर वळण काढायलाही छायाचित्रे मोजावीच लागतात, तेव्हा पुठ्ठ्यांचा वेळ वाचतो असे मला दिसत नाही. आणि लाकडावर तळहात फिरवला की कोणता उंचवटा चुकला आहे ते मला पडद्यावर पाहण्यापेक्षा लवकर कळते. हा माझ्या हाताच्या सवयीचा भाग आहे, दुसऱ्याचे वेगळे असू शकेल.

मोजपट्टी यांच्या पद्धतीने तीन छायाचित्रे मोजली. दोन बाद झाली, कारण मागचे चाक लंबगोल निघाले. तिसऱ्यावरून मिळालेले गुणोत्तर लांब चॅसीच्या बाजूला पडते, म्हणून २१६.६ मिलिमीटर धरून काम सुरू केले आहे. गाडी कोचबिल्डरकडून निघाली त्या वेळचीच करायची, हेही ठरले. त्यामुळे नंतरच्या रंगीत छायाचित्रांतून फक्त वळणे घ्यायची आणि दिवे, टायर व आरसे जुन्या छायाचित्रांतून, अशी दोन वेगळी पाकिटे केली आहेत. आतापर्यंत अकरा पुठ्ठे कापून झाले.

परवा ‘ताव आणि डाग’ यांच्या दुकानात जाऊन मागचे उजवे मडगार्ड तांब्यात करून पाहिले. चौथ्या तावाला पत्रा घाटावर इतका शांत बसला की मोगरीचा आवाज बदलला. त्यांनी ‘बोलणे’ म्हटले होते ते काय, हे तेव्हा कळले. डावे मडगार्ड मी घरी एकट्याने केले आणि ते मागच्या टोकाला दीड मिलिमीटर बुटके आले आहे. उद्या ते चिंचेच्या पाण्यातून काढून पुन्हा ताव देणार आहे.

‘फणीघर’ यांना विनंती: रेडिएटरच्या पट्ट्या दोन वेळा मोजल्या, हिशेब ६० आणि ६४ नंबरच्या मधे येतो. दोन्हींचे इंचभर तुकडे मिळाले तर छायाचित्राशेजारी ठेवून ठरवता येईल. रविवारी सकाळी आपल्याकडे येऊ का?